पंधरा गुंठ्यांचा हिशोब

मंडळी, नमस्कार. सरकारच्या पर्यावरणपूरक शेती योजना शेतकऱ्याला परवडतात का, असा आजचा विषय आहे. मी तीस वर्षं शाळेत जमाखर्च शिकवला आणि शेती आमची अलिबाग तालुक्यात, खाडीला लागून. त्यामुळे उत्तर मी वहीतूनच देणार.

आधी दर बघू. परंपरागत कृषी विकास योजना 2015-16 साली सुरू झाली. सेंद्रिय शेतीचा गट करायचा, तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये. त्यातले थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात 15,000, तेही सेंद्रिय खतं-औषधांसाठी. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्रीची व्यवस्था यांवर. हेक्टर म्हणजे ढोबळ शंभर गुंठे. गुंठ्याला दीडशे रुपये झाले, आणि ते तीन वर्षांचे. वर्षाला पन्नास.

इथे बसलेल्यांत किती जणांकडे सलग एक हेक्टर भातखाचर आहे? दोन हात दिसतायत. माझं खाचर पंधरा गुंठ्यांचं, बहुतेकांचं तेवढंच किंवा त्याहून लहान. पंधरा गुंठ्यांना वर्षाला 750 रुपये. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये ठरली होती, आणि त्या पैशात आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायला आपल्याकडे कोणी येत नाही. तोच दर धरला तरी एका माणसाची अडीच दिवसांची मजुरी निघत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, 2,481 कोटींचं. त्यात एकरी वर्षाला 4,000, दोन वर्षं. पंधरा गुंठ्यांना 1,500. आधीच्या दुप्पट, हे मान्य करायला हवं. पण त्यातल्या जीवामृताला, म्हणजे शेण-गोमूत्राच्या खताला, एकरी दहा किलो शेण आणि दहा लिटर गोमूत्र लागतं, आणि आमच्या आळीत आता एकाच घरी गोठा उरलाय. घाटावरचं गणित मांडताना गुरं दारात आहेत असं धरलेलं असतं. आपल्याकडे गुरं सांभाळायला माणूसच घरात नाही, तो मुंबईला आहे.

तो मुंबईचा माणूस सातबाऱ्यावर मात्र आहे. आमच्या खाचराच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. कसतो मी एकटा. अर्ज करायचा तर सगळ्यांची संमती, कोणी डोंबिवलीला, कोणी बडोद्याला, दोघं वारलेत आणि वारस लागलेले नाहीत. वारसनोंदीसाठी मी चार फेऱ्या मारल्या. एसटीचं भाडं, स्टॅम्प पेपर, बुडालेले दिवस असा खर्च वहीत लिहिला, तो पहिल्या वर्षाच्या अनुदानापेक्षा जास्त भरला. योजना आखणाऱ्यांना कोकणातला सामाईक सातबारा ठाऊक नाही असं नाही. तरी अर्जाचा नमुना तोच राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, अनुदान राहू दे, सेंद्रिय मालाला भाव मिळेल. गटाचं प्रमाणपत्र हातात यायला तीन वर्षं लागतात. भात आपण विकतो किती? बहुतेक घरातच खातो. विकतो तो पांढरा कांदा, भातानंतर त्याच जमिनीत घेतलेला. त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेला माळ टांगलेली दिसली की पुण्या-मुंबईचा माणूस गाडी थांबवतो. तो कांदा अलिबागचाच ना, एवढं विचारतो. प्रमाणपत्र मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मग काही परवडलंच नाही का? परवडलं. 1990 साली राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड आणली, शंभर टक्के अनुदानाची. त्यात खड्डे खणण्याची मजुरी होती, कलमं होती, पहिल्या वर्षांची देखभाल होती. माझ्या वडिलांनी वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, काजू लावला तो तेव्हा. ती झाडं आजही घराला पैसा देतात, आणि उघडा पडलेला डोंगर झाकला गेला. आताच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतही अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं आणि कोकणात दहा गुंठ्यांपासून लागवड बसते. ही दहा गुंठ्यांची अट ज्याने घातली त्याने कोकण पाहिलेला असणार. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला मी आधी याच योजनेकडे पाठवतो.

दुसरं उदाहरण नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या भाताच्या पद्धतीचं. कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. राब, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन, भाजायचाही नाही. मजुरी वाचते म्हणून लोक अनुदानाशिवाय वळले. पण तणासाठी त्यात तणनाशक मारावं लागतं, म्हणून सेंद्रियच्या गटात ते शेत बसत नाही. चिखल न केल्याने माती टिकते, पाणथळ खाचरातून उठणारा मिथेन कमी होतो. तरीही त्याला या योजनांत जागा नाही. माझ्या मते ही चूक आहे.

आता खाडीच्या बांधाबद्दल बोलतो, कारण आपल्या गावाचं खरं नुकसान तिथे आहे. खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारा हा बांध, फुटली, भरतीचं पाणी शेतात शिरलं, की मीठ धुवून जायला दोन-तीन पावसाळे जातात. पूर्वी बांध गावच राखत असे, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कोण टाकणार हे ठरलेलं असे. पुढे 1979 चा खारजमीन विकासाचा कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले आणि माणसं बांधावर जायची थांबली. खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडली की आपण अर्ज लिहितो आणि वाट बघतो. वाट बघता बघता शेतात कांदळ, म्हणजे खारफुटी, रुजतं. ते एकदा वाढलं की तोडता येत नाही. उच्च न्यायालयाचे 2005 आणि 2018 चे आदेश आहेत, खासगी जमीन असली तरीही. ते आदेश योग्यच आहेत, कांदळवनाशिवाय किनारा टिकणार नाही. पण ज्याचं खाचर कांदळाखाली गेलं त्याचा सातबारा नावावर राहतो आणि भात जातं. गुंठ्याला वर्षाचे पन्नास रुपये देणाऱ्या योजनेपेक्षा वेळेवर बुजवलेली एक खांड या गावाला कितीतरी पटीने जास्त देते. कारण तिच्यावर शेजारची सगळी खाचरं तगतात, सामाईक उतारा असो नसो.

ग्रामसभेत ठराव आणू, रोजगार हमीच्या आराखड्यात बांधाचं काम पहिल्या क्रमांकावर घालू. त्याचा मसुदा मी लिहून आणलाय, जाताना सह्या करा. उत्तरेच्या उघाडीजवळची खांड आज दोन हात रुंद आहे आणि अमावास्येच्या उधाणाला नऊ दिवस उरलेत. रविवारी सकाळी ओहोटीला मी तिथे असेन. येणाऱ्याने घमेलं आणि फावडं घेऊन यावं.