सडपातळ माणसाच्या आतली चरबी

तर मंडळी, लठ्ठपणा म्हटलं की अजूनही आपल्याला ते खात्यापित्या घरचं दुखणं वाटतं. तसं आता राहिलं नाही. २०२२ साली जगात १०० कोटींच्या वर माणसं लठ्ठ होती आणि विकसनशील देशांत तर आई लठ्ठ नि मूल कुपोषित, तेही एकाच घरात, असं दिसतं. ऐकायला उलटं वाटतं ना? पण ही दोन्ही दुखणी एकाच गरिबीतून येतात, कशी ते सांगतो.

२००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी, दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सेम, २२.३. आणि अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला हे कळतच नाही. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात खायला कमी मिळालं की शरीर पुढच्या तुटवड्याची तयारी करून ठेवतं, आणि मग हेच मूल मोठं होऊन शहरात येतं, शेतातलं राबणं सुटतं, दिवसभर एका जागी बसून काम, आणि कमी पैशात पोट भरायचं तर तेल, साखर, मैदा हेच परवडतं, भाज्या-फळं परवडत नाहीत. तुटवड्यासाठी तयार झालेलं शरीर हे कसं पेलणार?

म्हणून कुणी अशा माणसाला 'जरा तोंडावर ताबा ठेवा' म्हणालं की मला खरंच राग येतो.

उपाय सुरू करायचा तो मुलींच्या जेवणापासून, त्या आई व्हायच्या कितीतरी आधी. आणि दुसरीकडे बाजाराला हात घालावा लागतो, त्याशिवाय होणार नाही. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो टॅक्स लावला, पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली आणि गरीब घरांत त्याहून जास्त. चिलीने तर २०१६ मध्ये कमालच केली, साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटावर पुढच्याच बाजूला काळा अष्टकोनी शिक्का, म्हणजे बारीक अक्षरांतला तक्ता वाचत बसायला नको, घाईत असलेल्या आईलाही लांबून दिसतो. मुलांना भुलवणारी कार्टूनं अशा पाकिटांवरून काढायला लावली. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे, तो शिक्का असलेली कुठलीही वस्तू तिथे शाळेत विकता येत नाही.