तीनदा दिसला की चोर

तुम्ही बातमीचं एखादं पान उघडता. वरच्या पट्टीत एकाच साइटचं नाव दिसतं, पण पानातलं सामान भलतीकडूनही येत असतं. फॉन्ट एकीकडून, नकाशा दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून. आणि कुठून तरी एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र! ते बघण्यासाठी नसतंच. ते मागवताना ब्राउझर बऱ्याचदा त्या त्रयस्थाला त्याची जुनी कुकी (त्यानेच आधी ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी) दाखवतो, आपण कुठल्या साइटवर आहोत तेही बहुतेकदा सांगून टाकतो. त्याला तेवढंच हवं असतं.

अशांना रोखणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसतं ते ब्राउझरच्या दारात. मागणी बाहेर पडण्याआधीच ती अडवायची, हे त्याचं काम. पण अडवायची कुठली?

'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेंशन याद्या बघतं. जाहिरातींसाठी 'ईझीलिस्ट', माग काढणाऱ्यांसाठी 'ईझीप्रायव्हसी'. माणसं बसून या याद्या राखतात, हे आपण विसरतो. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेले फोटोच म्हणा ना. फोटो नसलेला भामटा मात्र बिनधास्त निघून जातो.

मला जास्त मौज वाटते ती 'प्रायव्हसी बॅजर'ची. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१४ मध्ये तो आणला. त्याचं म्हणणं, नाव काय बघायचं, वागणूक बघू. एखादं त्रयस्थ डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) तुम्हाला वेगळं ओळखता येईल अशी कुकी ठेवतंय का? तुमच्या ब्राउझरकडून गुपचूप कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या पाटीवर, अक्षरं काढून घेतंय का? (यंत्रागणिक अक्षरं बहुधा किंचित वेगळी उमटतात, तोच तुमच्या अंगठ्याचा ठसा.) असं वागणारं डोमेन तीन वेगवेगळ्या साइटींवर सापडलं, की बंद. एकदा दिसला तर योगायोग असेल, पण तीन गल्ल्यांत तोच माणूस मागे दिसला तर आपणही सावध होतोच की. ज्याला अडवल्यावर पानच मोडेल, त्याला आत येऊ द्यायचं, फक्त कुकी काढून घ्यायची.

आता खरी गोम ऐका. बॅजर शिकायचा तुमच्या ब्राउझरमध्ये, तुमच्या फिरण्यावरून. म्हणजे तुमचा बॅजर काय अडवतो आणि माझा काय अडवतो, यात फरक पडणार. २०२० मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं, की एखादी साइट मुद्दाम बॅजरला हवं ते शिकवू शकते आणि मग तो काय अडवतो यावरून तुम्हालाच ओळखू शकते. पहारेकऱ्याच्या वहीवरून घरमालक सापडावा, तसं!

त्याच वर्षी संस्थेने हे घरचं शिक्षण मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. आता संस्थेचाच एक प्रोग्रॅम हजारो साइटी फिरतो, शिकतो, आणि तेच शिक्षण सगळ्यांना वाटलं जातं. म्हणजे शेवटी यादीच की! फक्त ती हाताने लिहिलेली नाही, वागणुकीवरून उतरवलेली आहे. जुनी शिकवणी सुरू करायची कळ सेटिंग्जमध्ये ठेवली आहे. मी तिला हात लावलेला नाही.