सरासरी वाढली, ग्राहक कुठे गेले? उतरणीला लागलेल्या कंपनीतले डेटा सायन्स

नमस्कार. नोकरकपातीची बातमी आली की "दादा, कंपनी उतरणीला लागली असेल तर तिथल्या डेटा सायन्स टीममध्ये जावे का?" असे तुम्ही हमखास विचारता, म्हणून आज त्यावरच बोलतो. एसक्यूएल, पायथन या संगणकाच्या भाषा आणि संख्याशास्त्राचा पाया सगळीकडे सारखाच लागतो, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

"टीम हुशार असेल तर कंपनी बुडेलच कशी?" असे एका प्रेक्षकाने थोडे रागानेच लिहिले होते. त्यांनी याहूकडे पाहावे. साध्या संगणकांच्या ताफ्यावर प्रचंड डेटा हाताळणारे हडूप हे सॉफ्टवेअर २००६ पासून मुख्यतः याहूत वाढले आणि पुढे असंख्य कंपन्यांनी वापरले. तरीही जानेवारी २००० मध्ये जिचे बाजारमूल्य १२,५०० कोटी डॉलरांच्या पुढे गेले होते, त्या याहूचा मूळ इंटरनेट व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने सुमारे ४४८ कोटी डॉलरांना विकत घेतला.

आता खरी मेख. पुण्यात मी ज्या कंपनीत होतो तिचे नाव घेत नाही, पण तिथे दर सोमवारच्या बैठकीत 'प्रतिग्राहक ऑर्डर' वाढल्याचा आलेख दाखवला जाई आणि टाळ्या वाजत, त्याच वेळी आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या मात्र एकेक करून रिकाम्या होत होत्या.

हे कसे घडते? समजा, १,००० ग्राहक आहेत. त्यांतले ४०० जण महिन्याला १० ऑर्डर देतात आणि ६०० जण एकच. एकूण ऑर्डर ४,६००, सरासरी ४.६. वर्षभरात त्या ६०० पैकी ५०० जण निघून गेले आणि निष्ठावंत ४०० जणही १० वरून ९ वर आले. आता ऑर्डर ३,७००, ग्राहक ५०० आणि सरासरी ७.४! एकाही ग्राहकाने जास्त खरेदी केलेली नाही. अंश घटला, पण छेद त्याहून वेगाने घटला.

अजून पटत नसेल, तर दहावीचा निकाल शंभर टक्के लावणारी शाळा आठवा, जी कच्च्या मुलांना आधीच १७ नंबरचा फॉर्म भरायला लावते. त्या निकालावरून शिकवणे सुधारले असे तुम्ही म्हणाल का?

हीच गोष्ट मॉडेलच्या बाजूने पाहा. कोणता ग्राहक सोडून जाईल हे आधी ओळखणारे मॉडेल मी बांधले, पण बंद झालेली खाती ठरावीक काळानंतर मुख्य तक्त्यातून काढली जात होती, हे मला सात महिन्यांनी कळले. ज्यांच्याकडून शिकायचे तेच डेटात नव्हते, आणि मी मात्र अचूकतेचा आकडा अभिमानाने मिरवत होतो. चूक माझीच होती. तक्ता कसा तयार होतो, हे मी विचारलेच नव्हते.

त्यावर कळस असा की, नवे साहेब आले आणि 'सक्रिय ग्राहक' म्हणजे ३० दिवसांत खरेदी करणारा, ही व्याख्या त्यांनी ९० दिवसांवर नेली. एका रात्रीत सक्रिय ग्राहक वाढले आणि आलेखाखाली साधी तळटीपही आली नाही. "मग तुम्ही बोलला का नाहीत?" असे तुम्ही खाली लिहिणारच. बोललो. "हे पुढच्या बैठकीत घेऊ," असे उत्तर मिळाले, आणि ती पुढची बैठक कधीच झाली नाही.

तेव्हा अशा कंपनीत जायचे की नाही, हे पगाराच्या आकड्यावरून ठरवण्याआधी मुलाखतीत एवढेच विचारा, की तुमच्याकडे सक्रिय ग्राहक कोणाला म्हणतात आणि ही व्याख्या शेवटची कधी बदलली. मी पुढच्या मुलाखतीत हे विचारले, तेव्हा समोरच्या मॅडमनी काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि व्याख्येतले तिन्ही बदल तारखांसह दाखवले. ती कंपनीसुद्धा उतरणीलाच लागलेली होती. मी तिथे रुजू झालो.