चर्मवस्त्रे

श्रोतेहो, नमस्कार.

आदाम आणि हव्वा यांची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेली असेल. बाग, साप, सफरचंद, बाईच्या हातून झालेली चूक आणि रागावलेला देव. मी ख्रिस्ती घरात वाढलो, लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो, आणि तरीही मला वाटतं की ती सर्रास जशी सांगितली जाते, तशी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायात एकविसावी ओवी आहे. तिच्याकडे सहसा कुणी थांबून बघत नाही. आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

पण आधी ते सफरचंद बाजूला ठेवू. शास्त्रात त्या फळाचं नावच दिलेलं नाही. यहुदी धर्मपंडितांपैकी कुणी द्राक्ष म्हटलं, कुणी अंजीर, कुणी तर गहू. सफरचंद आलं ते पुष्कळ नंतर, पश्चिम युरोपात. बागेत एक जीवनाचं झाड होतं आणि दुसरं बऱ्यावाइटाचं ज्ञान करून देणारं. मनाई होती ती या दुसऱ्याची. सापाने हव्वेला भुलवलं हे खरं, पण नवरा तिथे तिच्याजवळच होता. तिने दिलं, त्याने खाल्लं. एका शब्दाने त्याने हरकत घेतली नाही. शतकानुशतकं सगळा दोष एकट्या बाईच्या पदरात टाकणाऱ्यांनी ही ओळ नीट वाचायला हवी होती, असं मी अगदी कळकळीने म्हणतो.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवस कलतो, वारा सुटतो, देव बागेतून चालत येतो आणि दोघं झाडांमध्ये लपून बसतात. देव हाक मारतो, "तू कोठे आहेस?" आदाम म्हणतो, मी उघडा आहे म्हणून भ्यालो आणि लपलो. तू उघडा आहेस हे तुला कुणी सांगितलं, मना केलेलं फळ खाल्लंस का, असं देव विचारतो. सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर देता आलं असतं. पण आदाम म्हणतो, "जी स्त्री तू मला दिलीस, तिने मला दिलं." बायकोवर ढकलतो, आणि जाता जाता देवावरही. हव्वा सापावर ढकलते. त्या अख्ख्या बागेत "माझं चुकलं" हे शब्द कुणाच्याच तोंडून निघत नाहीत. फळ खाणं हा आज्ञाभंग होताच. पण नातं तुटलेलं दिसतं ते या उत्तरांमध्ये. कालपर्यंत जी "माझ्या हाडातलं हाड" होती, ती आज "तू दिलेली स्त्री" झाली.

मग न्याय होतो. इथेही नीट ऐका. शापित ठरतात ते दोन, साप आणि जमीन. माणसाला दुःख मिळतं: बाळंतपणाच्या वेदना, काट्याकुसळांची शेती, घाम गाळून खायची भाकर आणि शेवटी माती. पण देव त्या दोघांना "तुम्ही शापित" असं म्हणत नाही. सापाला मात्र सांगतो की, स्त्रीची संतती तुझं डोकं फोडील. ख्रिस्ती लोकांनी फार पूर्वीपासून या वचनात येशू ख्रिस्ताच्या येण्याची पहिली चाहूल ऐकली आहे.

आणि आता ती एकविसावी ओवी. परमेश्वर देवाने आदाम आणि त्याची स्त्री यांच्यासाठी चर्मवस्त्रे केली आणि त्यांना घातली. बस, एवढंच. त्यांनी आधी स्वतःच अंजिराची पानं शिवून कमरेला गुंडाळली होती. पानं ती, दोन दिवसांत वाळून चुरा होणार. बाहेर थंडीवारा, काटेकुटे. बाहेर काढायचं ठरलेलं आहे, निकाल बदलणार नाही, आणि तरी घालवण्याआधी देव स्वतः त्यांच्यासाठी टिकाऊ कपडे तयार करतो, ते त्यांच्या अंगावर चढवतो. घरातून निघालेल्या मुलाच्या अंगावर आई शाल टाकते, तसं. दोघांनी क्षमा मागितलेली नाही, हे लक्षात घ्या.

त्यानंतर दोघांना बाहेर काढलं जातं. बागेच्या पूर्वेला करूब, म्हणजे स्वर्गीय रक्षक, आणि गरगर फिरणारी ज्वालारूप तलवार ठेवली जाते. कारण शास्त्रच देतं: माणसाने आता जीवनवृक्षाचं फळ खाऊन सदासर्वकाळ जगू नये. यात मत्सर दिसतो, असं काही जण म्हणतात. दुसऱ्या शतकात ल्यों शहराचे बिशप असलेले संत आयरेनियस यांनी नेमकं उलटं सांगितलं. पापात अडकलेला माणूस अमर झाला असता तर ते पापही अमर झालं असतं. म्हणून दाराशी ठेवलेला पहाराही दयेपोटीच. मला हे पटतं.

इटलीत फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये मसाच्चो या चित्रकाराने 1425च्या सुमारास हा प्रसंग भिंतीवर रंगवला. आदामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, हव्वेचं तोंड आकांताने उघडं आहे, डोळे जणू आत ओढले गेलेत. वर लाल वस्त्रातला देवदूत, हातात तलवार. सतराव्या शतकात कुणीतरी लाजेखातर त्या दोघांच्या अंगावर पानं रंगवली आणि 1980च्या दशकातल्या सफाईत ती काढली गेली. चित्र थोर आहे, बघणाऱ्याला हलवून टाकतं. पण मसाच्चोनेही त्यांना उघडंच बाहेर काढलंय. देवाने घातलेले कपडे त्या चित्रात नाहीत.

मराठीतही ही कथा चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी गोव्यात साष्टीत राहून ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 साली राचोलला छापलं गेलं. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती आणि आदिमाणसांचं पतन आहे.

या पतनातून आपल्यापर्यंत काय पोचलं, यावर मात्र ख्रिस्ती जगात दोन वाटा आहेत. पश्चिमेकडे संत ऑगस्टीन यांच्या शिकवणुकीमुळे आदिपापाची कल्पना रुजली: आदामाचं पाप जन्मतःच प्रत्येकाला चिकटलेलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा भर वेगळा आहे. वारशात येतं ते मरण आणि दुबळेपण. अपराध ज्याचा त्याचा.

आम्हा कॅथलिकांकडे उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. धर्मगुरू बोटाने कपाळाला राख लावतात आणि म्हणतात, "हे मानवा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील." आदामाने ऐकलेलं हेच वाक्य. उपवासकाळ सरल्यावर येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रात्री मोठी मेणबत्ती पेटवून जे स्तोत्र गातात, त्यात याच आदामाच्या अपराधाला धन्य म्हटलं आहे, कारण त्यापायी असा तारणारा लाभला.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपवासाच्या आदल्या रविवारी आदामाच्या हद्दपारीचं स्मरण करतात. त्या दिवशीच्या गीतांत आदाम बागेसमोर बसून रडतो आणि बागेलाच विनवतो की, तुझ्या पानांच्या सळसळीने माझ्यासाठी निर्मात्याकडे रदबदली कर. संध्याकाळच्या उपासनेनंतर क्षमेचा विधी होतो. आधी धर्मगुरू लोकांपुढे वाकून क्षमा मागतात. मग प्रत्येक जण प्रत्येकासमोर जातो. नवरा बायकोसमोर, सासू सुनेसमोर, शेजारी शेजाऱ्यासमोर. कुणी कारण सांगत नाही, कुणाचं नाव घेत नाही. "मला क्षमा कर," एवढंच म्हणतो. समोरचा उत्तर देतो, "देव क्षमा करील, तूही मला क्षमा कर." दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उपवास सुरू होतो.

नमस्कार.