फिरणारा किनारा

श्रोतेहो, नमस्कार.

निपाणी-चिकोडीकडं खळ्यावर बैलांची पात फिरायची, ती पुष्कळांना आठवत असेल. मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो, कडेच्याला पळावं लागतं. फेरा एकच, चाल निराळी. आज हा फेरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहू.

ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या किनाऱ्याखाली हुआन द फुका ही समुद्रतळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, वर्षाला साधारण 4 सेंटिमीटर शिरते. वरचा किनारा नुसता दाबला जात असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्याचा ऑरेगनमधला मोठा तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय, 10 लाख वर्षांत सुमारे 1 अंश. मेढ पूर्वेला, जमिनीच्या आत. तिच्यापासून 300 किलोमीटरवरचं गाव या हिशेबानं वर्षाला सव्वापाच मिलिमीटर सरकतं. नखसुद्धा याहून भराभर वाढतं.

तुकडा फिरला की एका बाजूला जागा फाकते, दुसऱ्या बाजूला कोंडी होते. दक्षिणेकडं, पाठीमागं जमीन ताणली जाते आणि भ्रंशांवरून, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगांवरून, खडक खाली घसरतो. उत्तरेला वॉशिंग्टन कॅनडाच्या बाजूच्या न हलणाऱ्या खडकावर दाबलं जातं, तिथं एक बाजू दुसरीवर चढते. सिअ‍ॅटल शहराखालचा भ्रंश असाच. इसवी सन 900 ते 930च्या सुमारास तिथला किनारा एका धक्क्यात काही ठिकाणी 7 मीटर वर आला.

तुकडा किती फिरला, हा कोन मोजतात कसा? आपल्या बेळगावच्या क्रशरवर फुटतो तसला काळा दगड लागतो, जांभा नव्हे. लाव्हा 580 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाचे कण त्या वेळच्या उत्तरेची दिशा धरून बसतात. (आपला काळा दगड थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे याच खुणेवरून कळलं.) एका थरातून अडीच सेंटिमीटर जाडीचे सहा-आठ गाभे, म्हणजे दगडाचे गोल दांडके, काढतात. दिशा सूर्याच्या सावलीवरून लावतात, कारण त्या दगडाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडं वळते. माथ्यावरचा, वीज पडलेला दगड घेतला तर सगळा हिशेब बिघडतो. थर कललेला असेल तर कल आधी वजा करायचा. हे विसरलं, तर कललेला थर फिरलेला वाटतो. मग प्रयोगशाळेत दगड टप्प्याटप्प्यानं तापवून नंतर चढलेलं उसनं चुंबकत्व घालवतात.

पोमोना नावाचा सुमारे 1 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आयडाहोपासून थेट समुद्रापर्यंत वाहत गेला. थर एकच, काळ एकच. तरी किनाऱ्याकडच्या दगडातली दिशा आतल्या दगडापेक्षा 15 अंशांच्या आसपास वळलेली आहे. इतका सोयीचा पुरावा क्वचित मिळतो.

जीपीएसचे आकडे मात्र तसेच्या तसे घेऊ नयेत. खालची प्लेट अडकलेली असताना किनारा स्प्रिंगसारखा दाबला जातो आणि ती सरक उपकरणात फिरण्यातच मिसळते. अडकण्याचा वाटा वजा केल्यावरच उरतो तो फेरा. 26 जानेवारी 1700च्या रात्री ही स्प्रिंग सुटली. भूकंप 9 तीव्रतेच्या घरातला होता, त्सुनामी जपानपर्यंत गेली. किनारा समुद्राकडं सरकला, जागोजागी मीटर-दीड मीटर खचला आणि खारं पाणी शिरून देवदार उभेच्या उभे वाळले. दगडातला वळलेला कोन मात्र तिळभरही परत फिरला नाही.