ठाण्याच्या जेलमधले तिघं

नमस्कार ठाणेकर, आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईकरांनाही नमस्कार. आज १९ एप्रिल. आपलं सेंट्रल जेल म्हणजे मूळचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला, एवढं आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९१० साली याच तारखेला तिथे तिघांना फाशी झाली, ते कोण असं विचारलं तर फार फार तर एक नाव येतं, अनंत कान्हेरे. नाशिककडच्यांना तेही क्रिकेटमुळे, कारण तिथल्या ग्राऊंडला त्याचं नाव आहे! उरलेले दोघं, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे, यांचं नाव कुणी घेत नाही, आणि मला हेच खटकतं.

कारण ही फाशी झाली ती नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनासाठी, आणि तो खून एका पोराने रागाच्या भरात केलेलं काम नव्हतंच. १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना, म्हणजे विनायक सावरकरांच्या थोरल्या भावाला, जन्मठेप झाली, कशासाठी तर कविता छापल्या म्हणून, आणि ती केस उभी केली याच जॅक्सनने. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांशी मराठीत बोलणारा, त्याला पंडित म्हणायचे. आता असा माणूस म्हटला की काही जण लगेच म्हणतात, मग त्याला कशाला मारलं? अहो, गोड बोलणारा साहेब झाला तरी सही सरकारचीच करणार ना.

तर जॅक्सनची बदली झाली, आणि निरोप म्हणून २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचं संगीत शारदा ठेवलं होतं. साहेब निघून गेला तर पुन्हा हाताला लागणार नाही, म्हणून तीच रात्र ठरली. प्लॅन असा, की पहिली गोळी अनंतने घालायची आणि मग स्वतःला संपवायचं, म्हणजे बाकीच्यांची नावं बाहेर येणार नाहीत. त्याचा नेम चुकला तर देशपांडे, तोही फसला तर कर्वे, दोघंही शस्त्र घेऊन तिथेच होते. विचार करा, समोर पडदा उघडायची वाट बघणारं पब्लिक, आणि त्यात ही तीन पोरं आपापल्या जागी गप्प बसलेली. जॅक्सन आत शिरला, अनंत पुढे आला आणि गोळ्या झाडल्या. साहेब जागीच गेला. बाकी दोघांवर वेळच आली नाही. पण लोकांनी अनंतला असं धरलं की त्याला स्वतःवर गोळी झाडता आली नाही ना विष घेता आलं, आणि तिथून पोलिसांना बाकीच्यांचा माग लागत गेला.

पिस्तूल ब्राऊनिंगचं होतं, लंडनहून विनायक सावरकरांनी चतुर्भुज अमीन या आपल्या माणसाबरोबर वीस पिस्तुलं पाठवली होती त्यातलं, आणि त्याच पिस्तुलांवरून पुढे सावरकरांवरही जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याची केस झाली, जन्मठेप झाली.

तिघांना ठाण्यात आणून फाशी दिली तेव्हा अनंत अठरा वर्षांचा होता. प्रेतंसुद्धा घरच्यांना दिली नाहीत, सरकारनेच परस्पर दहन केलं.

चेंदणी, उथळसर, खारकर आळी इकडच्या जुन्या घरांतून कुणी आजी-आजोबांकडून त्या दिवसाबद्दल काही ऐकलं असेल तर आम्हाला जरूर कळवा, आणि कळवताना कर्वे-देशपांडेंबद्दल काही असेल तर ते आधी सांगा.