सुमात्राचा भूकंप आणि आपला दिवस

श्रोतेहो, नमस्कार. २६ जानेवारी २००१ ची सकाळ मुंबईकरांच्या लक्षात असेल. झेंडावंदनाची वेळ होती, भूकंप कच्छमध्ये झाला, आणि इथे उंच इमारतींतली माणसं घाबरून जिने उतरून खाली आली. एवढी जमीन हलते, तर पृथ्वीच्या फिरण्यात फरक पडतो का?

पडतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्रतळाखाली बाराशेहून अधिक किलोमीटर लांबीची भेग सरकली आणि एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्याखाली आणखी घुसला. खडकांचं वजन सरासरीने पृथ्वीच्या आसाकडे किंचित सरकलं. फुगडीत दोघी जवळ आल्या की गिरकी वाढते, तसंच झालं. नासाचे रिचर्ड ग्रॉस यांच्या गणिताप्रमाणे दिवस ६.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पृथ्वीबरोबर मुंबई सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे जाते, ६.८ मायक्रोसेकंदांत ती जाते जेमतेम तीन मिलिमीटर!

हा आकडा गणिताचा आहे, घड्याळावर मोजलेला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. कारण वारे आणि सागरी प्रवाह वर्षभरात दिवस सुमारे एक मिलिसेकंदाने लहानमोठा करतात, म्हणजे सुमात्राच्या जवळजवळ दीडशे पट. या गलबल्यात भूकंपाची खूण शोधणं फार अवघड. सरकण्याची दिशाही महत्त्वाची: २०१२ मध्ये सुमात्राजवळच ८.६ चा भूकंप झाला, पण तिथे खडक मुख्यतः आडवे सरकले. असं सरकणं दिवसाला फारसा धक्का लावत नाही.

गणिताप्रमाणे २०११ च्या जपानच्या भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी घटला, आणि ज्या अक्षाभोवती पृथ्वीचं वस्तुमान तोललेलं आहे, तो १७ सेंटीमीटर सरकला. ‘पृथ्वीचा आस कलला’ असे मेसेज तेव्हा फिरले, आजही फिरतात. पण तोलाचा अक्ष फिरण्याच्या आसाहून वेगळा. साडेतेवीस अंशांचा कल आणि आपले ऋतू जागच्या जागी आहेत. तोलाचा हा अक्ष एरवीही वर्षभरात मीटरभर इकडेतिकडे होतोच. मात्र त्याची जागा सुमारे ५ सेंटीमीटरपर्यंत अचूक कळते. त्यामुळे वाऱ्यापाण्याचा हिशेब नीट वजा केला, तर जपानचे ते १७ सेंटीमीटर निरीक्षणांतून सापडण्याची आशा आहे.